हार्ड डिस्कच्या चतुःसीमा

वर्धा जिल्ह्यात जेवढी म्हणून भीती होती, तिच्यातली निम्मी एकट्या आमच्या भाऊजींकडे होती आणि उरलेली निम्मी त्यांनीच बाकीच्यांना वाटली होती. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, वीस-बावीस वर्षं मी त्यांना अगदी जवळून पाहिलं. घरातून निघताना कुलूप लावून ते तीनदा ओढून पाहत, चौकापर्यंत जात, परत येत आणि चौथ्यांदा ओढत. मग चौथ्यांदा ओढल्यामुळे कुलूप सैल झालं असेल अशी शंका येऊन पाचव्यांदा. एस.टी.त ते खिडकीशी बसत नसत, कारण खिडकी, दाराशी बसत नसत, कारण दार, मध्ये बसले की कंडक्टरला हळूच विचारत, "काहो, ब्रेक पाहून घेतले ना?" त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अंतरपाटाआडून भटजींना विचारलं होतं म्हणे, की मुहूर्ताची वेळ कोणाच्या घड्याळावर धरली आहे आणि ते घड्याळ शेवटचं कधी लावलं होतं. ताई म्हणते, "मले तवाच समजलं होतं रे. पण अक्षता पडून गेलत्या."

त्यांच्या या स्वभावाला नोकरीनेही चांगलं खतपाणी घातलं. भाऊजी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. कुठे दोन भाऊ वेगळे निघाले, कुठे शेजाऱ्याने नांगर चार फूट आत घातला, की भाऊजी फीत आणि नकाशा घेऊन तिथे हजर. दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. या धुऱ्यापायी एका ताटात जेवलेले भाऊ एकमेकांवर काठ्या उगारताना त्यांनी पाहिले होते. ते म्हणत, "धुरा म्हंजे काय असते? मातीच तं असते. पण तो एकदा मोडला ना बाबू, मंग कोणाचं कुठून कुठपर्यंत हे कोणीच सांगू शकत नाई." म्हणून त्यांचे नियम पक्के होते. जागेला हात लावण्याआधी सगळं कागदावर घ्यायचं. चारी बाजूंना काय आहे ते, म्हणजे चतुःसीमा, लिहायच्या. दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. आणि लगतचा शेतकरी जागेवर हजर नसेल तर फीत उघडायचीसुद्धा नाही. हे नियम घरालाही लागू होते. फ्रिज आला त्या दिवशी त्यांनी पंचनामा लिहिला, "पूर्वेस भिंत, पश्चिमेस तांदळाची कोठी, उत्तरेस मोकळी जागा, दक्षिणेस देव." ताईने कणकेच्या हाताने पंच म्हणून सही केली. पुढे वर्षभराने फ्रिज हलवायचा झाला तेव्हा तो कागद शोधण्यात एक आख्खा रविवार गेला.

असा माणूस कम्प्युटरच्या वाट्याला का गेला, असं तुम्ही विचाराल. भीतीपोटीच गेला. नव्याण्णव साली कचेरीत आवई उठली की सगळे नकाशे कम्प्युटरवर चढणार आणि ज्यांना तो येत नाही त्यांची बदली थेट भामरागडच्या जंगलात होणार. भाऊजींच्या पाचावर धारण बसली. त्यांनी नागपूरहून कम्प्युटर आणवला. विकणाऱ्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळं काही एका उसन्या सीडीवरून टाकून दिलेलं होतं. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी भाऊजींनी पेपरात वाचलं की अशी नक्कल वापरणं हा गुन्हा आहे. तेव्हापासून बोरगाव मेघ्यातल्या त्यांच्या गल्लीत एखादी जीप शिरली की भाऊजी धावत जाऊन कम्प्युटरवर सतरंजी टाकत आणि वर तक्क्या ठेवून स्वतः त्याला टेकून बसत. मी म्हटलं, "भाऊजी, बोरगावात कोण धाड टाकायला बसलंय?" तर म्हणाले, "धाड काय सांगून पडते काय? मी सरकारी नोकर आहो, बाबू."

याच दिवसांत त्यांच्या हाती कम्प्युटरचं एक मासिक पडलं. मुखपृष्ठाला सीडी चिकटवलेली, आत लिनक्सची सिस्टीम, आणि लेखात एक वाक्य होतं की ही सिस्टीम कोणीही वापरावी, हिची नक्कल काढावी, आतलं सगळं उघडून पाहावं, हवं तर बदलावं आणि दुसऱ्याला द्यावी. भाऊजींनी ते वाक्य स्वतः अकरा वेळा वाचलं. मग मला वाचायला लावलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून माझ्या दुकानासमोरच्या कोर्टातल्या एका वकिलाला वाचायला लावलं. वकील म्हणाले की मोजणीसाहेब, याच्यात काही गैर दिसत नाही. तेव्हा कुठे त्यांनी सतरंजी काढली. पण एकदा काढली ती कायमची. पुढे ते नव्या माणसाला समजावून सांगत, "सातबारा कोणाले मागता येते? कोणालेबी. नकाशाची नक्कल कोणाले भेटते? कोणालेबी. ज्या कागदाची नक्कल भेटत नाई त्या कागदात कायतरी भानगड असते. हे बी तसंच आहे. याच्या पोटात काय आहे ते झाकून नाई ठेवलं कोणी." मोफत आणि खुल्या सिस्टीमवरची मोठमोठी व्याख्यानं मी पुढे ऐकली, पण याहून सरळ कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

मग दर रविवारी सकाळी त्यांच्या पुढल्या खोलीत वर्ग सुरू झाला. फी नाही, अट एकच, की जे शिकाल ते पुढे एकाला तरी शिकवा. सावंगीहून एक औषधाच्या दुकानाचे मालक येत, कॉलेजातले दोघे-तिघे येत, एक निवृत्त पोस्टमास्तर येत. तासाभरात शिकून जाऊ अशा बेताने आलेला माणूस तिसऱ्या रविवारीसुद्धा कम्प्युटरला हात न लावता पोहे खाऊन परत जाई. औषधवाल्यांनी एकदा धीर करून विचारलं, "सर, हा चालू कवा कराचा?" भाऊजी म्हणाले, "चालू कराले काय लागते? बटन दाबलं का होते चालू. बंद कसा कराचा ते शिका आधी." आणि खरोखरच त्यांचा पहिला धडा बंद करण्याचा असे. लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नाही, मध्येच गेली तर फाइलींचे हाल होतात, म्हणून यूपीएस कुईकुई करू लागला की खोलीतल्या सगळ्यांनी गप्प बसायचं आणि भाऊजींनी सांगितलेले चार शब्द टाइप करायचे. त्या यूपीएसच्या आवाजाची पोस्टमास्तरांनी इतकी धास्ती घेतली होती की ताईचा कुकर वाजला तरी ते उठून उभे राहत.

दुसरा धडा पडद्याचा. लिनक्स टाकताना मॉनिटरचे काही आकडे सांगावे लागत आणि चुकीचा आकडा दिला तर मॉनिटर जळू शकतो, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ भाऊजींना नेमकी दिसली. त्यानंतर वर्गात टेबलाखाली रेतीची बादली आणि ओलं पोतं कायम असे. पाच-सहा वर्षांत एकही मॉनिटर जळला नाही, पण भाऊजी म्हणत, "बादली आहे म्हणून नाई जळला."

आणि तिसरा धडा म्हणजे वाटणीचा, जो त्यांचा खास होता. विंडोज आहे त्याच हार्ड डिस्कवर शेजारी लिनक्स बसवायचं तर डिस्कचे हिस्से पाडावे लागतात. लोक हे सरळ कम्प्युटरवर करतात. भाऊजी आधी कागदावर करत. डिस्कचा नकाशा काढायचा, कोणता हिस्सा कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत ते लिहायचं, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, आणि खाली दोन पंच. पंच क्रमांक एक ज्याचा कम्प्युटर तो, पंच क्रमांक दोन कायमची ताई. तिने आयुष्यात माऊसला हात लावला नाही, पण वर्ध्यातल्या किमान साठ हार्ड डिस्कांच्या पंचनाम्यावर तिची सही आहे. एवढं सगळं झालं की शेवटचं एक एंटर दाबायचं असे. ते मात्र भाऊजी डोळे मिटून दाबत. डोळे मिटायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचं, मशीनच्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांची यादी पाठच असे, त्यातलं तिसरं निवडायचं आणि दाबायचं. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हसू नोको. पाहून दाबण्याची आपली हिंमत नाई."

आता खरी गोष्ट सांगतो. दोन हजार एक किंवा दोन साल असेल. कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं, दुकानात एकुलता एक कम्प्युटर. हिंगणघाटच्या मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडून आपला पीएच.डी.चा प्रबंध टाइप करून घेत होत्या. कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हयात घालवलेल्या बायांची बोली हा विषय. नऊ वर्षं त्या बायांच्या ओसरीवर बसून बाईंनी त्यांचे शब्द गोळा केले होते, गाणी, नवऱ्याला द्यायच्या शिव्यासुद्धा. मध्ये एका पावसाळ्यात वणा नदीचं पाणी घरात शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. तोवर सगळा मजकूर माझ्याकडे चढलेला होता म्हणून वाचला. बाई म्हणायच्या, "त्यातल्या चौघी तं मेल्या, भाऊ. आता त्या भेटाच्या नाहीत. जे आहे ते तुमच्या या डब्यात आहे." नागपूरला प्रबंध देण्याची शेवटची तारीख सोमवार होती. शुक्रवारी प्रिंट काढायचं ठरलं होतं. आणि बुधवारी कोणाच्या तरी फ्लॉपीवरून कम्प्युटरात व्हायरस शिरला. प्रबंधाच्या एका पानावर अक्षरांऐवजी चौकटी दिसू लागल्या, गुरुवारी दोन पानांवर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी हे भाऊजींना सांगितलं.

"उद्या पूर्ण खाऊन टाकलं तं?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी त्या संध्याकाळी मला दहादा तरी विचारला, आणि दहाव्या खेपेला माझाच जीव असा टांगणीला लागला की मी त्यांच्या सगळ्या बेताला हो म्हटलं. बेत साधा होता. भाऊजी आपल्या घरची हार्ड डिस्क आणतील, ती माझ्या कम्प्युटरला जोडून प्रबंधाची एक नक्कल तिच्यावर घेतील. मग माझ्या डिस्कवरच्या रिकाम्या जागेत लिनक्स टाकतील, म्हणजे या व्हायरसला जिथे शिरता येत नाही अशी एक जागा तयार होईल आणि प्रबंध तिथे सुखरूप ठेवता येईल.

शुक्रवारी भाऊजी रजा टाकून सकाळीच आले. बाई पहिल्या गाडीने हिंगणघाटहून आल्या. पंचनामा झाला. पंच क्रमांक एक मी, पंच क्रमांक दोन बाई, कारण ताई घरी होती. बाईंनी विचारलं, "कायची सही जी ही?" भाऊजी म्हणाले, "तुमचं शेत कुठून कुठपर्यंत आहे त्याची." बाईंनी कागद नीट वाचला, सही केली आणि प्रबंधाच्या बांधणीचं कापड पाहायला बाइंडरकडे गेल्या. नक्कलही झाली. आता कोणाही शहाण्या माणसाने ती दुसरी डिस्क काढून कपाटात ठेवली असती आणि मग पुढचं काम केलं असतं. मी तसं म्हटलंही. भाऊजींना ते पटेना. "लगतचा कब्जेदार हजर नसतानी मोजणी? अशी मोजणी रद्द होते, बाबू. दोघंबी समोर पाहिजे." झालं! दोन्ही डिस्का जोडलेल्या राहिल्या.

सीडी नवी होती, त्याच महिन्याच्या मासिकाची. भाऊजींनी सगळे प्रश्न एकेक करून वाचले, मला वाचायला लावले. शेवटचा प्रश्न आला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, तिसरं उत्तर निवडलं आणि एंटर दाबलं. जुन्या सीडीत तिसरं उत्तर "फक्त रिकाम्या जागेत टाका" असं होतं. नव्या सीडीत कोणीतरी ती यादी हलवली होती आणि तिसरं उत्तर होतं, "सगळे हिस्से काढून टाका." डोळे उघडले तेव्हा पडद्यावर दोन लांबच लांब कोऱ्या पट्ट्या होत्या. दोन्ही डिस्कांवर एकही हिस्सा शिल्लक नव्हता. मूळ प्रबंधही नाही आणि नक्कलही नाही.

ज्या माणसाने आयुष्यभर न झालेल्या गोष्टींना भिऊन हातपाय गाळले, तो एखादी गोष्ट खरोखर घडल्यावर ओरडेल, रडेल, खाली बसेल, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी एक हात टेबलावर ठेवला, कम्प्युटर पुढच्या पायरीवर जाऊ नये म्हणून तिथेच थांबवला आणि अगदी हळू म्हणाले, "सारे धुरे मोडले." मीच घाबरलो. मी म्हटलं, "भाऊजी, बाईंना सांगू नका. लाइट गेली म्हणू, मशीन बिघडली म्हणू, सोमवारपर्यंत काहीतरी करू." आज लिहायला लाज वाटते, पण मी हे म्हटलं. तेवढ्यात बाई कापडाचे दोन तुकडे हातात घेऊन पायरी चढल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, निळं घेऊ का तांबडं?"

भाऊजी उठून उभे राहिले. वर्गाच्या पहिल्या दिवशी उभे राहत तसेच, हात मागे बांधून. "बाई, तुमचा प्रबंध या टायमाले या मशिनीत दिसत नाई. दोन्ही जाग्यावरून पुसल्या गेला. माझ्या हातानं झालं. याची चूक नाई."

बाई स्टुलावर बसल्या. कापडाचे तुकडे त्यांनी मांडीवर ठेवले, मग उचलून टेबलावर ठेवले, मग परत मांडीवर घेतले. शेवटी म्हणाल्या, "सर, पण त्या बाया तं मेल्या ना."

"हाव," भाऊजी म्हणाले. "म्हणूनच आईकून घ्या मी काय सांगतो ते." आणि दुकानात, त्या अवस्थेत, त्या माणसाने बाईंना डिस्कचे हिस्से म्हणजे काय ते शिकवलं. "शेत जागेवर आहे. पीकबी उभं आहे, त्याले मी हात लावला नाई. फक्त धुरे गेले. मशीन आता इचारून राह्यली, का कोणाचं कुठून कुठपर्यंत. तिले बरोबर आकडे सांगतले तं ती पीक दाखवते. एक आकडा चुकला तं नाई दाखवत. अन् ते आकडे आपल्यापाशी आहेत. तुम्ही सही केली ना, त्याच कागदावर."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते आणि बारा वाजता भारनियमनात आमच्या भागाची लाइट जायची होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. भाऊजी बसले, पण एका आकड्याऐवजी दोन दाबले जात. बाईंनी पंचनामा हातात घेतला आणि वर्गात शुद्धलेखन सांगावं तसे आकडे मोठ्याने सांगू लागल्या. एक आकडा सांगायचा, भाऊजींनी दाबायचा, मी पडद्यावर पाहून "बरोबर" म्हणायचं, मग पुढचा. शेवटच्या आकड्यावर भाऊजी अडले. "तो एक आहे का सात?" स्वतःच लिहिलेलं त्यांना ओळखू येईना. मला तो सात वाटला. बाई म्हणाल्या, "एक आहे. सतरा वर्षं झाले पोरींचे पेपर तपासून राह्यली मी. हे सर एकाले टोपी देतात, साताच्या पोटात रेघ मारतात. वरचा सात पाहा." भाऊजींनी एक दाबला. आणि शेवटचं एंटर दाबायच्या वेळी मी पाहिलं, त्यांचे डोळे सताड उघडे होते.

कम्प्युटर बंद करून परत सुरू होईपर्यंत जी दोन-तीन मिनिटं गेली, त्यात दुकानात कोणी हललं नाही. एक पक्षकार झेरॉक्स मागायला आला तर मी त्याला हातानेच घालवलं. विंडोजचा पडदा उजळला. बाईंची फाइल होती. मी उघडली. बाईंनी पुढे होऊन पानं खाली सरकवली, कुठल्यातरी एका गाण्यापाशी थांबल्या, ते मनातल्या मनात वाचलं आणि पदर डोळ्यांना लावून हमसून हमसून रडू लागल्या. भाऊजी बाहेर जाऊन पायरीवर बसले. चौकटी झालेली दोन पानं बाईंनी आठवणीने पुन्हा सांगितली, लाइट आल्यावर प्रिंट निघालं, आणि सोमवारी प्रबंध नागपूरला पोचला.

पण भाऊजींचा वर्ग बंद झाला. रविवारी पोस्टमास्तर दारावरून परत गेले. सगळ्या सीड्या पिशवीत घालून भाऊजींनी माझ्याकडे पाठवून दिल्या, वर चिठ्ठी की मला हे काम झेपणारे नाही. ताई सांगायची, जेवताना मध्येच घास हातात धरून बसतात आणि म्हणतात, "एक असता अन् सात दाबला असता तं?" मीही समजूत घालून पाहिली. भीतीशी वाद घालता येतो, पण ती खरी ठरल्यावर काय बोलणार?

महिन्याभराने एका रविवारी बाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. शाळेला कोणीतरी दिलेला जुना कम्प्युटर त्यांनी जुन्या साडीत बांधून एस.टी.तून मांडीवर आणला होता. मी तिथेच होतो. बाई म्हणाल्या, "सर, याच्यात तुमचं ते लिनक्स टाकून द्या. अन् मले शिकवा. पोरींले शिकवीन म्हणते."

भाऊजी दोन पावलं मागे सरकले. "बाई, मी तुमचं नऊ वर्षाचं काम पुसलं होतं."

"हाव. पुसलं होतं."

"मंग माझ्यापाशी काऊन आल्या?"

"दुसऱ्या कोणापाशी गेली असती अन् त्याच्या हातून पुसलं असतं," बाई म्हणाल्या, "तं त्यानं मले सांगतलं नसतं."

माझी मान खाली गेली. आत जाऊन भाऊजींनी कागद आणला, चष्मा पुसला आणि ताईला हाक मारली. त्या दिवसापासून वर्ग पुन्हा भरू लागला. फरक एवढाच, की शेवटचं एंटर ते आता शिकणाऱ्यालाच दाबायला लावत आणि स्वतः मागे उभे राहून त्याच्या वाटची भीती भीत असत. बाईंनी शाळेत मुलींचा वर्ग काढला. त्यांच्या हाताखालून किती मुली शिकून गेल्या याचा हिशेब भाऊजींकडे नव्हता, पण हिंगणघाटचं नाव निघालं की त्यांचा चेहरा थोडा सैल पडत असे. तेवढाच काय तो सैल पडलेला मी पाहिला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी भाऊजी गेले. छातीत दुखतंय असं ते आयुष्यभर इतक्यांदा म्हणाले होते की त्या दिवशी ताईने आधी चहाच ठेवला, आणि ते शल्य अजून तिच्या मनातून जात नाही. दहाव्याच्या आधी बाई भेटायला आल्या. केस पांढरे झाले होते. ताईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सर महिन्यातून एकदा शाळेत यायचे, तुमाले माहीत होतं का?" आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ताईला वाटे, पेन्शनच्या कामाला जातात. "आत नाही यायचे कधी. फाटकातूनच मले इचारायचे, चालू आहे ना? मी म्हणायची, हाव सर, चालू आहे, आत येऊन पाहा ना. तं म्हणायचे, नको बाई, मी आत आलो अन् बंद पडलं तं? अन् तशेच परत जायचे, ष्टँडवर."

ताई रडता रडता हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"तीन वर्षं झाले जी ते बंद पडून," त्या म्हणाल्या. "शाळेत नवे कम्प्युटर आले, वेगळ्या सिस्टीमचे. आपलावाला स्टोअरमध्ये टाकला, पोरीबी शिकत नाहीत आता कोणी. पण सर फाटकात उभे राहिले का मी म्हणायची, चालू आहे." त्यांनी पदराची किनार बोटाला गुंडाळली आणि सोडली. "त्यांनी तं मले पहिल्या मिनिटातच खरं सांगून टाकलं होतं. मले नाही जमलं."